मालवण ते निवती: छोट्या गटाची अर्ध्या दिवसाची होडीसफर

मालवणच्या जेट्टीपासून दक्षिणेला निवतीपर्यंतचा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा हा छोट्या होडीतून पाहण्यासाठी महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत सोयीचा पट्टा आहे. थोड्या अंतरात जलदुर्ग, लांब पुळण (वाळूचा किनारा), नदीचे मुख, समुद्रात घुसलेली खडकाळ टोके आणि नशीब असेल तर डॉल्फिन, असे सगळे या भागात मिळते. सहा ते दहा जणांनी एक होडी ठरवायची, सकाळी निघायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे, अशी ही सफर असते. विदर्भात सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यासारख्या गावातून जाणाऱ्यांना मात्र या अर्ध्या दिवसाच्या समुद्रासाठी जवळपास आठवड्याचे नियोजन करावे लागते. त्यात सर्वांत जास्त विचार लागतो तो वेळेचा. काय पाहायचे हे त्यानंतर येते.

मालवण बंदरासमोर, किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाची सुरुवात केली आणि सुमारे तीन वर्षांत ते पूर्ण झाले. ४८ एकरांचे बेट, त्याला वेढणारी जवळपास तीन किलोमीटरची नागमोडी तटबंदी आणि जवळ जाईपर्यंत नजरेस न पडणारा दरवाजा ही त्याची वैशिष्ट्ये होत. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिर आहे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी आहेत. विहिरीचे पाणी कधी आटेल या चिंतेत उन्हाळा काढणाऱ्या माणसाने या तिघींपाशी थोडे जास्त थांबावे. शेजारीच पद्मगडाचे छोटे बेट आहे. या दोन्ही बेटांभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि त्यात प्रवाळांच्या वसाहती आहेत.

मालवणच्या दक्षिणेला दांडी, वायरी आणि तारकर्ली हे किनारे ओळीने येतात. तारकर्लीपुढे जमीन चिंचोळी होत जाते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची पट्टी, अशी देवबागची रचना आहे. पट्टीच्या टोकाशी कर्ली समुद्राला मिळते. या संगमाजवळ खाडीत ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे बेट आहे. त्याला सुनामी आयलंड असे भडक नाव मिळाले असून बहुतेक जलक्रीडा तिथेच चालतात. संगम ओलांडला की वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे गावची रुंद पुळण लागते आणि तिच्या पुढे किल्ले निवतीचे खडकाळ टोक. सकाळच्या उन्हात पिवळे-तांबूस दिसणारे तिथले कडे होडीवाले ‘गोल्डन रॉक्स’ म्हणून दाखवतात. त्याहून पुढे, भर समुद्रात, वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकांचा समूह आहे. त्यावर दीपस्तंभ आहे, आणि तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी हा पक्षी वस्ती करून राहतो. त्याच्या लाळेच्या घरट्यांची तस्करी झाल्यामुळे हे ठिकाण वन्यजीव अभ्यासकांच्या विशेष काळजीचा विषय राहिले आहे.

हे सगळे एका सकाळी पाहू नये. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या गटाला दोनच पर्याय खरे उपयोगाचे आहेत. एक, मालवणहून निघून किल्ल्याभोवतीचा समुद्र आणि अभयारण्याच्या कडेने स्नॉर्केलिंग. दोन, देवबागहून निघून संगम, भोगवे आणि निवतीचे टोक. यातला दुसरा पर्याय किनारा पाहण्याच्या दृष्टीने सरस आहे, कारण किल्ला काय, तो प्रवासी होड्यांतून वेगळाही पाहता येतो. वेंगुर्ला रॉक्सची फेरी मात्र उघड्या समुद्रातली आहे. हिवाळ्यातल्या शांत दिवशी, अनुभवी तांडेल (होडीचा चालक) आणि मोठी होडी असेल तरच ती करावी. मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर तो बेत करूच नये.

सोनाळ्याहून मालवणला जाण्याचा सरळ मार्ग शेगाववरून जातो. संग्रामपूर, वरवट बकाल करत शेगाव गाठायचे आणि तिथून गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची. ही गाडी भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज असा मोठा फेरा घेत दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोहोचवते. कोल्हापूरहून घाट उतरून मालवण गाठायला एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने आणखी चार-पाच तास लागतात. दुसरा मार्ग मुंबईवरून आहे. शेगावहून रात्रीची गाडी धरून कल्याण किंवा मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ अथवा कणकवली, आणि मग मालवणपर्यंत रस्ता. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी अकोल्यावरून थेट कोकणात जाते, म्हणून ती सुरू असेल त्या काळात सर्वांत सोयीची ठरते, पण विशेष गाड्यांचे वार आणि मुदत बदलत असल्याने आरक्षणापूर्वी खात्री करून घ्यावी. टेम्पो ट्रॅव्हलर करून जाणाऱ्या गटाने वाटेत एक मुक्काम धरावा. चालकाला रात्रभर जागवून पहाटे घाट उतरवणे हा या संपूर्ण सहलीतला सर्वांत मोठा धोका आहे. त्यापुढे समुद्र पुष्कळ सभ्य म्हणावा लागेल.

कोणत्याही मार्गाने गेले तरी एक पथ्य पाळावे. पोहोचण्याच्या दुसऱ्याच पहाटे होडीत बसू नये. लांबचा प्रवास, बदललेले पाणी आणि अर्धवट झोप यांवर लाटांचे हेलकावे मिळाले की धडधाकट माणसालाही उलट्या सुरू होतात. मालवणात एक पूर्ण रात्र झोपून, एक दिवस किल्ला पाहण्यात घालवून, तिसऱ्या दिवशी सकाळी होडी, हा क्रम चांगला.

हंगामाची हद्द ठरलेली आहे. पावसाळ्यात, साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट, प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची वाहतूकही थांबते. सप्टेंबरात परवानगी मिळाली तरी समुद्र लगेच निवळत नाही. पाणी स्वच्छ आणि वारा आटोक्यात असा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा असतो. सोनाळा परिसरात नेमका हाच काळ कापूस वेचणीचा, तुरीचा आणि हरभऱ्याचा. शेतकरी कुटुंबाला निवांतपणा मिळतो तो बहुधा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर. फेब्रुवारीचा शेवट हा दोन्हींचा मेळ बसणारा काळ आहे. मार्च-एप्रिलमध्येही सफर होते, फक्त दुपारचे वारे जोर धरतात म्हणून परत येण्याची वेळ अलीकडे आणावी लागते. नाताळ ते १ जानेवारी, मोठ्या जोडसुट्ट्या आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचे दिवस टाळावेत. त्या काळात राहायला खोली मिळत नाही आणि होडीवाल्यालाही गडबडीत फेऱ्या मारायच्या असतात. मे महिन्याची शाळेची सुट्टी सोयीची वाटली तरी ती या सफरीसाठी सर्वांत वाईट. गर्दी, उकाडा आणि खवळू लागलेला समुद्र असे तिन्ही त्या महिन्यात एकत्र येतात.

दिवस ठरवताना भरती-ओहोटीचा विचार आधी करावा, आणि त्यासाठी घरातले पंचांग पुरते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. चंद्राच्या गतीशी हे बांधलेले असल्यामुळे कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीचे ढोबळ घड्याळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाच्या आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हिशोब एकच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी वेळ तांडेलाकडून किंवा छापील भरतीपत्रकावरून तपासावी. पण सोनाळ्यात बसून कोणत्या आठवड्याचे आरक्षण करायचे हे ठरवायला ही रीत भरपूर आहे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते आणि भरती-ओहोटीतला फरक वाढतो. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो, तो भांग. उधाणात पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्यामुळे खाडीच्या मुखाशी प्रवाह जोराचा असतो आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होते. भांगात प्रवाह मंद आणि पाणी नितळ. यावरून सोपा निष्कर्ष निघतो. स्नॉर्केलिंग आणि प्रवाळ पाहणे हा मुख्य हेतू असेल तर अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-तीन दिवस निवडावेत. देवबागहून संगम ओलांडून निवतीला जायचे असेल तर द्वादशी-त्रयोदशीचे दिवस बरे, कारण तेव्हा नऊ-पावणेदहाला पूर्ण भरती असते. सातच्या सुमारास चढत्या पाण्यावर बाहेर पडून, ओहोटीला जोर चढण्यापूर्वी अकरापर्यंत मुखातून आत येता येते. एकादशीला सव्वाआठची भरती म्हणजे वेळ तशी वाईट नाही, पण माळकरी मंडळींचा उपवास असतो आणि रिकाम्या पोटी होडी लागण्याची शक्यता वाढते. गटात कडक उपवास करणारे असतील तर तो दिवस सोडावा.

संगमाशी एवढी काटेकोर वेळ पाळण्याला कारण आहे. नदीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा साचलेला असतो. ओहोटीचे पाणी खाडीतून वेगाने बाहेर पडत असते आणि दुपारचा वारा समुद्राकडून आत ढकलत असतो. दोन्ही एकमेकांना भिडले की उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. पाच मिनिटांपूर्वी आरशासारखे दिसणारे पाणी अचानक होडीला उचलून आपटू लागते. होड्यांचे अपघात खोल समुद्रापेक्षा अशा जागी घडण्याचा संभव अधिक.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हे मतलई वारे हलके असतात आणि किनाऱ्याजवळचा समुद्र त्यात गुळगुळीत राहतो. ऊन तापले की जमीन गरम होते आणि वारा उलटतो. समुद्राकडून येणारा हा खारा वारा दुपारी बारानंतर जोर धरतो आणि चार-पाच वाजेपर्यंत लाटा वाढवत नेतो. डॉल्फिनही सकाळच्या सपाट पाण्यातच सहज नजरेस पडतात. तेव्हा ‘नाश्ता आटोपून दहाला निघू’ म्हणणाऱ्या गटाने निम्मी सफर आधीच गमावलेली असते. सातच्या आत जेट्टीवर असावे.

हवामानाचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि त्या पहाटे असा दोनदा पाहावा. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्रीय संस्था उंच लाटांचे अंदाज प्रसिद्ध करते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर पुढे काही विचारण्याचे कारण नाही. त्याहून साधी खूण म्हणजे मच्छीमारांच्या छोट्या होड्या. त्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतील आणि एखादाच होडीवाला ‘चला, काही होत नाही’ म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नये.

होडी निवडताना भाव आणि रंग पाहण्याआधी तांडेल पाहावा. या किनाऱ्यावरचे बहुतेक होडीवाले मच्छीमार कुटुंबांतले आहेत आणि मुखाशी वाळू या वर्षी कुठे सरकली, कोणत्या खडकाला कोणत्या भरतीत पाणी असते, हे त्यांना कागदाशिवाय ठाऊक असते. आदल्या दिवशी संध्याकाळी जेट्टीवर जाऊन बोलावे. किती वाजता निघायचे हे त्यालाच विचारावे. जो भरती-वाऱ्याचा हिशोब सांगून वेळ देतो तो तांडेल घ्यावा. जो ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ म्हणतो त्याचे आभार मानून पुढच्याकडे जावे.

मग होडी. महाराष्ट्रातल्या बंदरांचा आणि प्रवासी जलवाहतुकीचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. प्रवासी होडीची नोंदणी असावी लागते आणि ती किती माणसे नेऊ शकते हे ठरवून दिलेले असते. नोंदणी क्रमांक होडीवर रंगवलेला दिसला पाहिजे. परवाना आणि विम्याचा कागद मागण्यात संकोच करू नये. चांगला होडीवाला तो स्वतःहून दाखवतो. क्षमता दहाची असेल तर गट आठचा ठेवावा, आणि ‘संपूर्ण होडी आमची’ असेच ठरवावे. जागेवार भाडे ठरले की जाता जाता आणखी चार अनोळखी माणसे चढतात, आणि गटाने निवडलेली शांत होडी भरलेल्या काळीपिवळी जीपसारखी होते. होडीत तांडेलाखेरीज दुसरा खलाशी, नांगर व दोर, वल्ही किंवा दुसरे इंजिन, प्रथमोपचाराची पेटी आणि सावलीसाठी छत असावे. इंधन पुरेसे आहे का हे विचारावे. भोगव्यासमोर इंजिन बंद पडले आणि नांगर नसला तर होडी वारा नेईल तिकडे जाते.

लाइफ जॅकेटची मोजणी जेट्टीवरच करावी. प्रत्येकाला एक, आणि मुलांना मुलांच्या मापाचे. मोठे जॅकेट लहान मुलाला घातले की पाण्यात मूल त्यातून निसटून खाली जाते. घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहावे. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत. ‘आत गेल्यावर घालू’ हे कबूल करू नये. होडी उलटताना कोपऱ्यात रचून ठेवलेली जॅकेटे शोधायला वेळ मिळत नाही.

या सूचना कागदी नाहीत. २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. हंगाम बंद व्हायला तेव्हा दोनच दिवस उरले होते. विदर्भाला तर याहून जवळचा दाखला आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. तिथे समुद्रही नव्हता आणि वादळही नव्हते. छोटी होडी बुडते ती बहुधा माणसांच्या वजनाने आणि हालचालीने. बसलेल्या माणसाचे वजन होडीच्या तळाशी असते. तो उभा राहिला की ते वर जाते आणि तोल नाजूक होतो. सगळे एका बाजूला सरकले की पाणी कडेवरून आत येते, आणि आत आलेले पाणी खालच्याच बाजूला धावून ती बाजू आणखी दाबते. इथून पुढे सावरायला काही सेकंदच असतात.

भाडे ठरवताना घासाघीस करायला हरकत नाही, पण काय काय ठरले हे स्पष्ट करून घ्यावे आणि शक्यतो कागदावर किंवा मोबाइलवर लिहून घ्यावे. कोणती ठिकाणे, किती तास, कुठे उतरणार, स्नॉर्केलिंगचे साहित्य भाड्यात आहे की वेगळे, आणि हवामानामुळे सफर रद्द झाली तर आगाऊ रकमेचे काय. परत फिरण्याचा निर्णय तांडेलाचा राहील आणि त्याबद्दल पैशांवरून वाद होणार नाही, हे गटाने आधीच सांगून टाकावे. पूर्ण पैसे मिळावेत म्हणून निवतीपर्यंत नेलेच पाहिजे अशी धास्ती त्याला असेल तर तो मुखावरून मागे फिरायला कचरतो. रोख रक्कम थोडी जवळ असावी. सगळीकडे मोबाइलला रेंज मिळत नाही.

कपडे हलके आणि लवकर वाळणारे असावेत. स्त्रियांनी साडीऐवजी सलवार-कमीज किंवा पायजमा घालावा. ओली साडी जड होते, पायांत गुंडाळते आणि होडीत चढता-उतरता खरी अडचण तिथेच होते. गावात चारचौघांत वेगळे कपडे घालायला संकोच वाटत असला तरी होडीत तो बाजूला ठेवावा. पायांत मागे पट्टा असलेली रबरी सँडल, डोक्याला बांधता येईल अशी टोपी किंवा गमछा. दागिने खोलीवर. फोन दोरीच्या जलरोधक पाकिटात, बाकी सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण सागरी पोलीस विचारू शकतात. पाणी माणशी दोन लिटर घ्यावे. विदर्भाच्या उन्हाची सवय असलेल्यांना समुद्रावरचे ऊन मऊ वाटते, कारण वाऱ्याने घाम लगेच वाळतो. पण पाण्यावरून परतणारे ऊन खालूनही लागते आणि रात्री चेहरा, मान व पायांचे पंजे पोळल्याचे कळते.

छोट्या होडीत शौचालय नसते. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही आणि विचारायला लोक लाजतात. परिणाम असा होतो की गटातल्या स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि अकरा वाजता एखादीला चक्कर येते. याचा उपाय बेतातच असला पाहिजे. निघताना देवबागला, मध्ये भोगवे किंवा निवती गावात उतरून, आणि परतल्यावर, असे तीन थांबे ठरवावेत व मधल्या थांब्यावर कोणाच्या घरी किंवा खाणावळीत सोय आहे हे तांडेलाला आदल्या दिवशीच विचारावे. मधुमेही आणि वयस्कर पुरुषांनाही याची तेवढीच गरज असते.

होडी लागणे हा आजार नाही. कानातला तोल सांभाळणारा अवयव हालचाल नोंदवतो आणि डोळ्यांना मात्र होडीचा स्थिर तळ दिसत असतो; या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून दूर क्षितिजाकडे किंवा किनाऱ्याकडे पाहत राहावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये. होडीच्या मध्यावर किंवा मागच्या बाजूला हेलकावे कमी बसतात. निघण्यापूर्वी तासभर इडली, घावणे, पोहे असे हलके खावे. तेलकट वडे आणि मिसळ परतल्यावर. घाटात गाडी लागते त्यांना होडीही लागण्याची शक्यता असते. त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. गर्भवती, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि पाठीच्या मणक्याचा त्रास असलेले यांनी वेगवान होडीत बसू नये. लाटेवरून होडी आपटते तो धक्का सरळ मणक्यात जातो, आणि पुढच्या टोकाला तो सर्वांत जोरात बसतो. फोटोसाठी सगळ्यांना तीच जागा हवी असते, हा भाग वेगळा.

चढताना तांडेल हात देईल तेव्हाच, एकेकाने, होडीच्या मध्यभागी पाय ठेवावा. वजनदार माणसे दोन्ही बाजूंना वाटून बसवावीत. किनाऱ्याजवळ रापणीची जाळी ओढणे चालू असेल तर तिच्या दोरांवरून होडी नेण्याचा किंवा त्यात शिरण्याचा आग्रह धरू नये. कित्येक कुटुंबांची त्या दिवसाची कमाई त्या जाळ्यात असते. लांबून पाहिलेली रापण हा या किनाऱ्यावरचा एक फार चांगला देखावा आहे.

डॉल्फिन दिसला की शिस्त मोडते. उजवीकडून आरोळी आली की अख्खी होडी उजवीकडे कलते. हे टाळण्यासाठी आधीच ठरवावे की कोणी उठायचे नाही, तांडेल होडी वळवून दोन्ही बाजूंना दाखवील. या किनाऱ्यालगत दिसणारे डॉल्फिन बहुतेक हम्पबॅक जातीचे, पाठीवर उंचवटा असलेले असतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. त्यांचा पाठलाग करायला तांडेलाला जादा पैसे देऊ नयेत. इंजिन मंद करून किंवा बंद करून थांबलेल्या होडीजवळ ते कधी कधी स्वतः येतात, पाठलाग करणाऱ्या होडीपासून दूर जातात. दिसले नाहीत तर त्यावरून भाड्याचा वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत प्राण्यांची वसाहत असते आणि अतिशय सावकाश वाढते. स्नॉर्केलिंग करताना त्यावर पाय टेकवू नये, तुकडा काढू नये. शिंपले वाळूवरून वेचणे वेगळे आणि पाण्यातून जिवंत शंख काढणे वेगळे. पोहता न येणाऱ्यांनाही जॅकेट घालून, वाटाड्याचा हात धरून, पाण्यात तोंड घालून खालचे मासे पाहता येतात. घाबरून नकार देण्याआधी गुडघाभर पाण्यात एकदा सराव करावा.

पोहणाऱ्यांना मात्र जास्त सांगावे लागते. विहिरीत किंवा गावाकडच्या वाण नदीच्या डोहात लहानपणापासून सूर मारणाऱ्यांना पाण्याची भीती उरलेली नसते. डोहाचे पाणी एका जागी असते, समुद्राचे पाणी चालते. खाडीच्या मुखाशी आणि पुळणीवर जिथे लाटा फुटताना दिसत नाहीत अशा गुळगुळीत पट्ट्यात, पाण्याची ओढ बाहेरच्या दिशेने असते. ती नेमकी शांत जागा वाटते म्हणून माणसे तिथेच उतरतात. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. दमल्यास पाठीवर तरंगून हात हलवावा. संगमावर पोहण्यासाठी उतरूच नये, आणि दारू प्यायलेल्याला होडीत घेऊ नये. हा नियम गटाच्या म्होरक्याने निघण्यापूर्वी, सगळ्यांसमोर सांगावा.

कोणी पाण्यात पडला तर सगळ्यांनी न उठता एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहावे, दुसऱ्याने तरंगणारी वस्तू किंवा दोर फेकावा. त्याच्यामागे उडी मारू नये. होडी उलटली तर किनारा जवळ दिसला तरी होडीला धरून राहावे. शोधणाऱ्यांना डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३ आहे. दोन्ही निघण्यापूर्वी निदान दोघांच्या फोनमध्ये असावेत. ११२ सगळीकडे चालतो. खोलीच्या मालकाला किंवा किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाला होडीचा क्रमांक, तांडेलाचा फोन आणि परतण्याची वेळ सांगून जावे.

परतल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ, मग जेवण. मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ असते. शाकाहारी आणि माळकरी मंडळींनी मात्र खाणावळीत सकाळीच सांगून ठेवावे, म्हणजे काळ्या वाटाण्याचे सांबार, काजूची उसळ, आंबोळी आणि सोलकढी असे घरगुती जेवण वेगळ्या भांड्यात मिळते. आयत्या वेळी मागितले तर पनीरच पुढे येते, आणि तेवढ्यासाठी शेगावहून इतक्या लांब येण्याची गरज नव्हती. दुपारी झोप. संध्याकाळी ज्यांना आणखी पाणी हवे असेल त्यांनी कर्लीच्या खाडीत आतल्या बाजूला वल्ह्याच्या होडीतून तासभर फिरावे. तिथे लाटा नसतात, म्हणून सकाळी किनाऱ्यावर राहिलेल्या आजी-आजोबांनाही या फेरीत घेता येते.

परतीचे आरक्षण होडीच्या दुसऱ्याच दिवसाचे करू नये. मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. ठरलेल्या सकाळी बावटा लागला किंवा वारा फिरला तर तोच दिवस होडीसाठी उरतो. समुद्र वेळेवर मिळाला तर त्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बाजूला जाऊन यावे. हिवाळ्याच्या अखेरीस गेल्यास वायंगणीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण कसे चालते ते गावातले कार्यकर्ते दाखवतात, आणि पिल्ले बाहेर पडण्याची वेळ जुळली तर सूर्योदयाला किंवा संध्याकाळी ती समुद्रात जाताना पाहायला मिळतात.